पंक्चरच्या दुकानामागे

पाटी शोधू नकोस, पाटी नाही.
फ्रेस्नोच्या ह्या टोकाला, मालगाडीचं फाटक ओलांडलं की
डावीकडे माझं दुकान. नवे टायर, जुने टायर,
आणि मागच्या खिडकीतून बाहेर पडणारी
एक पिवळी वायर.
वायरीच्या मागे मागे जा.

त्याआधी दोन ठिकाणं लागतील.
पहिल्यात भिंतीवर टोप्या टांगल्यात, भरतकामाच्या, छत्रीएवढ्या,
गिटारवाले थेट टेबलापाशी येऊन उभे राहतात,
आणि चीज इतकं, की खाली काय आहे ते बघायला
फावडं मागवावं लागेल.
दुसरं बरं आहे. हिलारियोचं. जीभ मऊ शिजवतो तो,
पण बायको माहेरी गेली की मीठ विसरतो.
सध्या ती माहेरीच आहे.

सातनंतर ये. आधी बूट बघ.
सिमेंट लागलेले, द्राक्षमळ्याची माती वाळलेले,
इस्पितळातल्या रात्रपाळीचे पांढरे.
इतके बूट एका रांगेत मुकाट उभे असले
तर पुढे काही शिजतंय हे कळायला
नाक कशाला हवं?

तरी नाकही आण.
अबुंदियो, तिचा भाचा, मांसाच्या त्या उभ्या लाल भोवऱ्यावरून
पातळ पातळ काप उतरवतो,
माथ्यावरची अननसाची फोड सुरीच्या टोकाने उडवतो,
बशीत झेलतो.
दहातली एक माझ्या अंगणात पडते.
कुत्र्याला वेळ पाठ आहे.

ती मात्र मान वर करत नाही. युफ्रोसिना.
वाहाकाच्या डोंगरातली.
मका रात्रभर चुन्याच्या पाण्यात, पहाटे दळण,
मग दोन तळहातांत
थाप, थाप, अर्धी वळवून थाप.
माझं नट खोलायचं मशीन घरघरत असलं तरी
तो आवाज भिंतीतून येतो.
एखादा ठोका चुकला की मी समजतो,
आज खांदा दुखतोय.

मागच्या महिन्यात एक गृहस्थ आले, वही घेऊन.
म्हणाले, हे अस्सल आहे का?
तिला इंग्रजी येत नाही. मी स्पॅनिशमध्ये सांगितलं.
स्पॅनिश तिला बाजारापुरती. मग तिच्या लेकीने, रेमेडियोसने,
ते मिश्तेकमध्ये सांगितलं. बराच वेळ लागला.
तिने तव्यावरची उलटली, दुसरीही उलटली.
उत्तर त्याच वाटेने परत आलं,
वाटेत काय काय सांडलं देव जाणे,
माझ्या हाती लागलं ते एवढंच:
"नकली जेवून पोट भरलेला माणूस
कुणी पाहिलाय का?
असला तर त्याला विचारा."

गृहस्थांनी लिहून घेतलं. सहा खाल्ले.
मग इकडेतिकडे बघून सातवा.

तुला म्हणून सांगतो,
मिरची इथलीच आहे. गावाकडची मिळत नाही,
मिळाली तर परवडत नाही.
केळीची पानं व्हिएतनामी दुकानातून येतात, बर्फात गोठलेली.
चिंच कुठल्या देशातली, ते पाकिटावर पुसट झालंय.
आणि चटणीत ती काहीतरी घालते
जे गावी घालत नव्हती.
का, म्हटलं, तर म्हणाली,
गावी मला विचारत कोण होतं?

विजेचं भाडं रोज तीन टाको आणि जास्वंदीचं सरबत.
बायको म्हणते, बुडीतखात्याचा धंदा.
माझा पट्टा दोन भोकं पुढे गेलाय.

साडेबाराला आच बंद होते.
अबुंदियो पाइप लावून फरशी धुतो.
ती जुन्या टायरवर बसते, चपला काढते,
नूडल्सच्या कागदी पेल्यात कढत पाणी ओतते,
वर लिंबू पिळते, आपलीच चटणी घालते,
आणि डोळे मिटून खाते.

तेव्हा तिच्याशी बोलू नकोस.
मलाही वायर गुंडाळायची असते,
घरी जायचं असतं.
पेला रिकामा होईपर्यंत
दिवा राहू देतो.